रांग आपल्या दारात हवी

सावद्याच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसातली संध्याकाळ बघा. दिल्लीच्या पार्टीशी व्हिडिओ कॉलवर भावाची घासाघीस चाललीय, ट्रक भरतानाचे व्हिडिओ मोबाइलवरून अपलोड होताहेत आणि सीसीटीव्ही कॅमेरे आपलं चित्रण क्लाउडवर ढकलताहेत. मग 'भाऊ, आवाज तुटतोय' सुरू होतं. पुढच्या महिन्यात महागडा प्लॅन घेतला जातो, तरी आवाज तुटायचा तो तुटतोच.

खरं तर बोलण्याला लागतं ते अगदी थोडं. जी.७११ या जुन्या पद्धतीतही आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात, पत्त्यांसारख्या वरच्या माहितीचा खर्च धरून ८०-९०. अडचण असते ती थांबण्याची. अपलोड ५ एमबीपीएस असेल, तर १५०० बाइटचं एक पॅकेट (माहितीचा छोटा गठ्ठा) बाहेर पडायला २.४ मिलिसेकंद लागतात. व्हिडिओची अशी २५६ पॅकेटं पुढे तुंबली, की आवाजाचं चिमुकलं पॅकेट ६०० मिलिसेकंद ताटकळतं. संभाषण नीट चालायचं तर एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. या तुंबण्याला 'बफरब्लोट' म्हणतात. संगणक अभियंता जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास त्याकडे लक्ष वेधलं.

उपाय म्हणून राउटरमध्ये 'क्यूओएस', म्हणजे कुठलं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवणारी सोय, चालू करतात, कॉलला वरचा नंबर देतात, आणि फरक शून्य! कारण रांग तिथे नसतेच. राउटर आलेलं पॅकेट लगेच पुढे सोडतो आणि गर्दी होते ती पुढच्या मोडेमच्या पोटात. पांझरा नदीवरच्या फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत पाटकरी पाळीप्रमाणे पाणी देतो, पण पाटावर त्याचा ताबा असतो म्हणून. इथे पाटकरी एका पाटावर आणि पाणी अडलंय दुसऱ्याच.

म्हणून राउटरला मुद्दाम सांगायचं, की लाइन आहे त्यापेक्षा जरा लहान आहे. खरा अपलोड ५ असेल तर मर्यादा साडेचार टाका. आता रांग आपल्या राउटरात लागते आणि तिच्यात कोण पुढे हे आपण ठरवतो. पैसे मोजून घेतलेला वेग असा सोडून द्यायचा जिवावर येतं, पण याला दुसरी वाट नाही. डाउनलोडचंही तेच, फक्त पकड थोडी सैल.

खरी मेख सामायिक लाइनची. जीपीऑन या, एकच तंतू अनेक घरांत वाटणाऱ्या फायबरवर ऑपरेटरकडून येणारे सुमारे अडीच गिगाबिट आणि परत जाणारे सव्वा गिगाबिट स्प्लिटरमधून बऱ्याचदा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. त्यापुढची ऑपरेटरची लाइनही सगळ्यांची मिळून एकच. तिथे तुमचा अग्रक्रम कुणी विचारत नाही. पॅकेटवर आवाजासाठीचा ४६ हा डीएससीपी (अग्रक्रम सांगणारा) शिक्का मारला, तरी इंटरनेटवर तो बहुधा पुसला जातो किंवा दुर्लक्षिला जातो. त्यामुळे पहाटे मोजलेल्या वेगावर मर्यादा लावली, तर रात्री आठला रांग पुन्हा ऑपरेटरच्या दारात.

आणखी एक मोह टाळा: कॅमेरे, कॉल, साहेबांचा लॅपटॉप, सगळ्यालाच 'हाय' करण्याचा. सगळेच पहिले असतील तर पहिलं कुणीच नाही. त्यापेक्षा राउटरात 'एफक्यू-कोडेल' किंवा 'केक' ही रांग सांभाळणारी पद्धत असेल तर ती निवडा. प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग लावून त्या आळीपाळीने पॅकेटं सोडतात, शिवाय रांगेत ५ मिलिसेकंदांहून जास्त थांबणं टिकून राहिलं की पॅकेटं टाकून द्यायला लागतात. पाठवणारा मग आपणहून हात आखडता घेतो. बऱ्याच ऑफिसांना एवढ्यावर भागतं.

तेव्हा मोजणी संध्याकाळच्या गर्दीत करा. मोठी फाइल अपलोडला लावा आणि शेजारी पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) चालू ठेवा. पिंग २० वरून २०० मिलिसेकंदांवर उडी मारत असेल, तर मर्यादेचा आकडा अजून खाली आणा.