मऊ सीट म्हणजे आरामदायी सीट? नाही!

सायकल चालवून बूड दुखलं की सल्ला ठरलेला: जाड जेलचं कव्हर घाला. छोट्या फेरीला ते बरं वाटतं. पण लांब पल्ल्यात बसण्याची दोन हाडं त्या गादीत रुततात, मधला भाग वर फुगून नाजूक जागी दाब देतो आणि मुंग्या येतात.

खरा प्रश्न रुंदीचा आहे. कडक स्टुलावर पन्हळी पुठ्ठा ठेवून थोडं पुढे वाकून बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधल्या अंतरापेक्षा सीट साधारण २ सेंटिमीटर रुंद हवी.

उंचीचं सोपं आहे: पेडल तळाला असताना त्यावर टाच टेकवली की पाय सरळ व्हावा. सीट आधी सपाट लावा. सीटचं नाक (पुढचं निमुळतं टोक) फार खाली झुकवलं तर अंग पुढे घसरतं आणि मनगटं भरून येतात. मी हे भोगलंय.