कच्चा पू-अर कडू लागला, तर आधी हे वाचा

कच्चा पू-अर म्हणजे उन्हात वाळवून चकतीत दाबलेला चिनी चहा. त्याची चकती नेलेले ग्राहक दोन-चार दिवसांत फोन करतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: 'चहा फार कडू आहे, खराब माल आला का?' माल खराब नसतो. चहा वयाने लहान आहे, म्हणून थोडा कडवटपणा असणारच. पण घोट घेववत नाही इतका कडू झाला असेल, तर पाने पाण्यात जास्त वेळ राहिली आहेत.

आपल्याला चहा उकळायची सवय आहे. ग्रीन टी पिणारे पाने तीन मिनिटे ठेवतात. या चहाला दोन्ही सोसत नाही. चीनच्या युन्नान प्रांतातली ही झाडे आसामी चहाच्याच मोठ्या पानांच्या जातीची आहेत. त्यांत कॅफीन आणि तुरट द्रव्ये भरपूर असतात आणि गरम पाण्यात ती भराभर उतरतात.

म्हणून चहा मोजून करा. १०० मिली पाण्याला ५ ग्रॅम पाने, तीही काट्यावर तोलून. दाबलेला तुकडा चमच्यात एवढासा दिसतो आणि दुप्पट भरतो. पाणी उकळले की गॅस बंद करून मिनिटभर थांबा. पहिले पाणी लगेच ओतून टाका आणि पाने झाकून ठेवा, म्हणजे तुकडा सुटायला लागतो. मग पुन्हा पाणी घाला, पाच अंक मोजा आणि सगळा चहा गाळून काढा. तळाला चहा राहिला, तर पुढचा कप त्यानेच कडू होतो. पहिले चार कप असेच. चव उतरू लागली की दर कपाला पाच-दहा सेकंद वाढवा. झाकणाची चिनी वाटी, म्हणजे गायवान, नसली तरी छोटा कप आणि गाळणे पुरते. त्याच ५ ग्रॅममधून आठ-दहा कप निघतात. चकतीची किंमत बघताना हा हिशेबही करावा.

चव घेताना पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. घोट गिळा आणि थोडे थांबा. आवळा खाल्ल्यावर तोंडात जो गोडवा येतो, तसा गोडवा घशातून वर येतो. चिनी लोक त्याला 'हुई गान' म्हणतात आणि या चहाची पारख त्यावरच करतात. कडूपणा लवकर विरून गोडवा आला, तर चहा चांगला. तुरटपणा जिभेला चिकटून राहिला, तर वेळ आणखी कमी करा. युन्नानमधल्याच यीवू भागाचा चहा मुळात मऊ असतो, तिथल्याच बुलांग डोंगराचा तिखट-कडवा. नवख्यांना आम्ही यीवूच सुचवतो.

'मग कडू नसलेलाच का आणत नाही?' असेही विचारतात. कढईत जास्त भाजून किंवा गरम हवेवर वाळवून कोवळा चहा लगेच सुगंधी आणि गोड करता येतो, पण तो पुढे वर्षानुवर्षे मुरत नाही. आम्ही उन्हात वाळवलेलाच आणतो, कारण ३५७ ग्रॅमची चकती घेणारा माणूस ती काही वर्षे पुरवून पिणार असतो. आजच मऊ चहा हवा असेल, तर पक्का पू-अर घ्या. ढीग भिजवून आंबवण्याची त्याची आजची रीत १९७० च्या दशकात बसली आणि तो बराच वेळ पाण्यात राहिला तरी चालतो.

चकती फोडून सुटी करून द्या, असा आग्रह कृपया करू नका. वाटेत तिचा चुरा होतो आणि चुरा सगळ्यात आधी कडू होतो. घरी कडेने चपटी सुरी घालून थर उचला. पावसाळ्यात चकती ओलीपासून जपा, आणि मसाल्याच्या कपाटात किंवा फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका. चहा वास पटकन धरतो, म्हणून उघडलेली चकती आम्ही परत घेत नाही.

त्याऐवजी कोणत्याही चकतीचा १० ग्रॅमचा नमुना आधी घेऊन जा. दोन वेळा चहा करण्यापुरता तो असतो. दोन्ही वेळा कडूच झाला, तर किती पाने, किती पाणी, किती सेकंद हे लिहून दुकानात या. त्याच चकतीचा चहा तुमच्यासमोर करून देऊ, मग घ्यायची की नाही ते ठरवा.