बौद्ध धम्मात कामजीवन आणि जोडीदाराचं नातं

नागपुरात विहारात वंदनेला बसणाऱ्या लहान पोरांनाही 'कामेसु मिच्छाचारा वेरमणी' हे पंचशीलातलं तिसरं शील तोंडपाठ असतं, पण अर्थ विचारला की मोठी माणसं 'व्यभिचार करू नये' म्हणून मोकळी होतात. हे शील कुणा देवाची आज्ञा नाही, ते आपण स्वतःहून घेतो, आणि संसारी माणसाला शरीरसुख वाईट आहे असं ते कुठेच म्हणत नाही. जुन्या सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांमध्ये, आईबापांच्या, भावाबहिणीच्या किंवा नवऱ्याच्या छायेत असलेल्या बाईकडे जाऊ नये असा त्याचा अर्थ दिलाय, आजचे बरेच उपासक, म्हणजे संसारी बौद्ध, त्यात जबरदस्ती आणि फसवणूकही धरतात, आणि ते बरोबरच आहे, कारण मुद्दा कुणाला दुखवू नये हाच आहे.

भिक्खूंचं वेगळं. त्यांना पूर्ण ब्रह्मचर्य, शरीरसंबंध झाला की पहिलंच पाराजिक, म्हणजे सगळ्यात मोठ्या दोषांपैकी एक, आणि संघातून बाहेर. उपासक पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे आठ शीलं, घेतात तेव्हा तेवढ्यापुरतं ब्रह्मचर्य त्यांनाही असतं.

नवरा-बायकोबद्दल सगळ्यात मोलाचं सिगालोवाद सुत्तात, म्हणजे सिगाल नावाच्या संसारी माणसाला बुद्धाने केलेल्या उपदेशात आहे. बायकोला मान द्यायचा, तिला हिणवायचं नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहायचं, घरचा कारभार तिच्या हाती द्यायचा, दागदागिने द्यायचे, अशी नवऱ्याची ५ कर्तव्यं सांगितलीत, मग बायकोचीही ५, त्यात एकनिष्ठा आहेच. म्हणजे एकनिष्ठा दोघांनाही सारखीच, फक्त बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणाऱ्यांनी हे वाचायलाच पाहिजे. अंगुत्तर निकाय या सुत्तांच्या संग्रहाच्या सुरुवातीलाही बाईचं रूप पुरुषाच्या मनाला जसं पकडतं तसंच पुरुषाचं रूप बाईच्या मनाला पकडतं असं सरळ म्हटलंय, दोष एकटीच्या माथी मारलेला नाही. नकुलपिता-नकुलमाता हे बुद्धाच्या काळातलं जोडपं तर पुढच्या जन्मीही एकमेकांना भेटायचंय म्हणून बुद्धाकडे गेलं, तेव्हा श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा दोघांची सारखी ठेवा असं उत्तर मिळालं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी नागपुरात सोबतच दीक्षा घेतली, नंतर लोकांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये व्यभिचार न करण्याचीही आहे. इथलं बौद्ध लग्न साधं असतं, पांढरे कपडे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे त्रिशरण-पंचशील, म्हणजे तिसरं शील नवरा-नवरी लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणतात.

समलिंगी नात्याचा पंचशीलात वेगळा उल्लेख नाही. वेगवेगळ्या देशांतल्या बौद्धांची मतं यावर वेगवेगळी आहेत, बौद्धबहुल थायलंडमध्ये मात्र जानेवारी २०२५ पासून अशा लग्नाला कायद्याची मान्यता आहे.