झबलं वर करा, पोट बघू द्या

बाळ आईच्या मांडीवर गाढ झोपलेलं असतं, तेव्हाच त्याचा श्वास मोजून घ्यायचा. थर्मामीटर काखेत गेला, स्टेथोस्कोपचं गार तोंड छातीला टेकलं, की भोंगा सुरू. आणि रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजून हाती काही लागत नाही. म्हणून मुलांच्या वॉर्डात मुरलेली सिस्टर आधी हातच लावत नाही. आईला हळूच झबलं वर घ्यायला सांगते आणि सेकंदकाट्याकडे लक्ष ठेवून पोट बघत राहते. पूर्ण एक मिनिट.

पोटच का? तान्ह्या बाळाचा श्वास मुख्यतः छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या जोरावर चालतो, त्यामुळे छातीपेक्षा पोटाची हालचाल नीट दिसते. आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची चलाखी इथे अंगाशी येते. तान्ही बाळं भराभर श्वास घेतात, मधेच काही सेकंद थांबतात, पुन्हा सुरू करतात. नेमका तो थांबा पदरात पडला, तर आजारी बाळ कागदावर ठणठणीत!

जागतिक आरोग्य संघटनेने जलद श्वासाच्या मर्यादा वयाप्रमाणे ठरवल्या आहेत. 2 महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 महिने ते 1 वर्षापर्यंत 50, पुढे 5 वर्षांपर्यंत 40. सर्दी-खोकल्याच्या मुलात आकडा तेवढा किंवा त्यापुढे गेला, की न्यूमोनियाची शंका घ्यायची. 2 महिन्यांच्या आतल्या लहानग्यात 60 किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजायचं. तापानेही श्वास वाढतो, त्यामुळे आकडा म्हणजे निदान नव्हे; पण दुर्लक्ष करण्याजोगाही नव्हे.

न्यूमोनियात फुप्फुसातले हवेचे इवलेसे फुगे पाण्याने-पुवाने भरतात. फुप्फुस ताठर होतं, एका श्वासात पुरेशी हवा येत नाही, मग शरीर श्वासांची संख्या वाढवून भागवतं. त्यानेही भागेना, की जोर लावून हवा ओढावी लागते. मुलाच्या बरगड्या कोवळ्या. त्या ओढीने श्वास घेताना छातीचा खालचा भाग फुलण्याऐवजी आत खचतो. हा खड्डा दिसला, तर मोजत बसू नये, दवाखाना गाठावा.

हे मोजायला डिग्री लागत नाही, हे गडचिरोलीने दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथे गावातल्या माणसांकडून मुलांच्या न्यूमोनियावर उपचार करून बघितले, बालमृत्यू घटल्याचा तो अभ्यास 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पण निरक्षर सुईणीने पन्नासपर्यंत मोजायचं कसं? त्यासाठी मण्यांचं एक साधन निघालं. सोबत मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका. मला तर हे साधन अनेक महागड्या यंत्रांपेक्षा हुशार वाटतं.

खरी कसोटी मात्र घरी जाताना लागते. ‘समजलं ना ताई?’ या प्रश्नाला ‘हो’शिवाय दुसरं उत्तर मी ऐकलेलं नाही. जाणती सिस्टर तो प्रश्नच विचारत नाही. ‘घरी गेल्यावर काय बघाल, मला सांगा बरं,’ म्हणते. औषधाची बाटली आईच्याच हातात देते आणि मात्रा मोजून दाखवायला लावते, कारण चमचा म्हटला की कुणाच्या डोळ्यांसमोर चहाचा येतो, कुणाच्या पोह्यांचा. बाटलीबरोबरचं खुणांचं माप वापरायचं, हे तिथेच ठरतं. बाळ प्यायचं थांबलं, प्रत्येक वेळी सगळं उलटून टाकू लागलं, झटका आला, जागं करूनही मलूल राहिलं, तर रात्री-अपरात्रीही आणायचं.

मग आईने एकदा स्वतः मोजायचं. पहिल्या खेपेला गडबड होतेच; बत्तीसपाशी बाळ कूस बदलतं आणि सगळं मुसळ केरात. दुसऱ्यांदा मोजते. त्रेचाळीस. बाळ सात महिन्यांचं आहे.

‘मोबाईलमधलं घड्याळ चालेल ना सिस्टर?’

‘चालेल की. फक्त मधे फोन आला तर घेऊ नका.’