मोनो धागा आणि कॉग धागा: थ्रेड लिफ्टमध्ये कोणता कशासाठी

शस्त्रक्रिया न करता चेहरा उचलून घ्यायचा, म्हणून विरघळणाऱ्या धाग्यांची चौकशी केली की मुख्यतः दोन प्रकार समोर येतात: गुळगुळीत मोनो धागे आणि काटेरी कॉग धागे. दोन्ही बहुधा एकाच पदार्थाचे, म्हणजे पॉलीडायॉक्सॅनोनचे (पीडीओ) असतात. दोन्ही त्वचेखाली सोडतात, दोन्ही काही महिन्यांत विरतात आणि दोन्हींना सर्रास थ्रेड लिफ्टच म्हणतात. पण ओघळलेला भाग प्रत्यक्ष वर ओढायचं काम फक्त कॉग धागा करतो. मोनो धागा काहीही उचलत नाही. तो त्वचेचा पोत सुधारतो. हे काम उपयोगाचं आहे, पण वेगळं आहे. जबड्याच्या कडेला लोंबणाऱ्या भागासाठी कुणी मोनो धागे घालून घेतले, तर धागे उत्तम प्रतीचे आणि डॉक्टर निष्णात असूनही लोंबणं जागेवरच राहतं.

आधी धाग्यांची घडण पाहू. मोनो धागा टाक्याच्या धाग्यांच्या मोजणीत साधारण 5-0 ते 7-0 मापाचा असतो, म्हणजे जाडी 0.1 मिलिमीटरच्या आसपास. तो 29 किंवा 30 गेजच्या बारीक सुईत बसवलेला असतो. अर्धा सुईच्या आत, अर्धा टोकाशी दुमडून बाहेर, आणि बाहेरचा भाग सरकू नये म्हणून स्पंजचा छोटा तुकडा. गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. कॉग धागा याच्या तिप्पट-चौपट जाड असतो, 0.3 ते 0.5 मिलिमीटरपर्यंत, आणि तो 18 ते 21 गेजच्या, बहुधा बोथट टोकाच्या कॅन्युलातून (पोकळ नळीतून) आत जातो. त्याच्या अंगावर काटे असतात. बहुतेक कॉग धाग्यांत अर्ध्या लांबीचे काटे एका दिशेला आणि उरलेल्या अर्ध्याचे उलट दिशेला असतात. खालचे काटे ओघळलेली चरबी पकडतात आणि वरचे काटे कानशिलाजवळच्या घट्ट भागात रुततात. त्यामुळे धागा कुठेही न बांधता ताणलेला राहतो.

काटे दोन पद्धतींनी करतात आणि हा फरक विचारून घेण्यासारखा आहे. जुन्या पद्धतीत धाग्यालाच तिरपे छेद देतात. जिथे छेद, तिथे मूळ धागा बारीक होतो आणि ताण आला की काटा मागे दुमडतो किंवा धागा तिथेच तुटतो. साच्यात दाबून केलेल्या धाग्यात मधला गाभा अखंड राहतो, म्हणून पकड जास्त भरवशाची असते. जड गालांसाठी साच्यातलाच धागा घ्यावा. याउलट मोनोचे स्क्रू किंवा टॉर्नेडो म्हणून मिळणारे प्रकार, म्हणजे सुईभोवती एक किंवा दोन धागे पिळलेले, दिसायला वेगळे असले तरी कामाने मोनोच आहेत. त्यांनी त्या जागी थोडा जास्त भरीवपणा येतो. उचल येत नाही.

मग मोनो धागा करतो काय? शरीर त्याला परकी वस्तू मानतं. त्याच्याभोवती सौम्य दाह होतो, कोलॅजन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी गोळा होतात आणि धाग्याच्या कडेने नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, साचतं. असे दहा-वीस धागे एका गालात जाळीसारखे, एकमेकांपासून साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर अंतरावर सोडले की तेवढा पट्टा हळूहळू थोडा घट्ट होतो आणि बारीक सुरकुत्या मवाळ होतात. पहिल्या दिवशी जे दिसतं ती सूज असते. खरा फरक साधारण सहा आठवडे ते तीन महिन्यांत जाणवतो. कॉग धाग्याचं उलट आहे. उचल खुर्चीवरून उठतानाच दिसते, त्यात थोडी सूज आणि थोडी गोळा झालेली कातडी मिसळलेली असते आणि दोन ते चार आठवड्यांत ती उचल काहीशी खाली बसते. म्हणून पहिल्या दिवशीचा फोटो पाहून हुरळू नये. निकाल महिन्याभराने ठरवावा.

धागा विरायला लागणारा वेळ आणि त्याची ताकद टिकण्याचा वेळ या दोन गोष्टी एक नाहीत. पीडीओ पूर्ण विरायला सहा ते आठ महिने लागतात. पण जखमा शिवायला वापरल्या जाणाऱ्या याच धाग्याचा अनुभव असा, की सहाव्या आठवड्याच्या सुमारास, जाडीनुसार कमी-अधिक, निम्म्याच्या आसपासच ताकद उरते. त्यापुढे चेहरा जो काही वर राहतो तो धाग्याभोवती तयार झालेल्या तंतुमय ऊतीच्या जोरावर. ही ऊती नीट तयार व्हायच्या आत धाग्यावर झटके बसले, तर काटे सुटतात आणि उचल गेली ती गेली. नंतरच्या पथ्याची सगळी कारणं इथेच आहेत.

आपल्याला कोणता धागा लागेल याचा अंदाज घरी आरशासमोर येतो. आधी ताठ बसून चेहरा पाहा. मग पाठीवर आडवं होऊन आरसा वर धरा. आडवं झाल्यावर नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे येणारी घडी आणि जबड्याची लोंबती कड बरीच कमी झाली, तर तक्रार ओघळण्याची आहे आणि विचार कॉगचा करायचा. आडवं होऊनही गालावरची किंवा डोळ्यांखालची बारीक आडवी-उभी जाळी तशीच राहिली, तर तक्रार त्वचेच्या पोताची आहे आणि तिथे मोनो कामाला येईल. आता पुन्हा बसून कानासमोर दोन बोटं ठेवून गाल वर आणि मागे सरकवा. साधारण एक सेंटिमीटर सरकवल्यावर जबड्याची कड सरळ दिसत असेल, तर कॉगला वाव आहे. त्यासाठी दोन-तीन सेंटिमीटर ओढावं लागत असेल आणि कानासमोर कातडीची चुणी जमत असेल, तर धाग्यांच्या नादी न लागलेलं बरं. धागा कातडी कमी करत नाही, सरकवतो. जादा कातडी कापून काढायचं काम शस्त्रक्रियेचंच आहे. मानेखालच्या मोठ्या लोंबत्या घडीलाही हेच लागू.

अतिशय पातळ आणि अतिशय जड, हे दोन्ही चेहरे कॉगसाठी अवघड. पातळ त्वचेतून जाड धागा दोरीसारखा दिसतो किंवा हाताला लागतो. जड चेहऱ्यात वजन इतकं असतं की धागा मऊ चरबीला कापत पुढे सरकतो आणि उचल काही आठवड्यांत नाहीशी होते. मोनोमध्ये पातळ त्वचेची अडचण वेगळीच: पीडीओ धागा बऱ्याचदा जांभळा रंगवलेला असतो आणि डोळ्यांखाली वरच्या थरात राहिला तर निळसर रेघ दिसते. तिथे बिनरंगी धागा मागावा.

प्रत्यक्ष काम कसं होतं ते माहीत असलं की खोलीत काय चुकतंय हेही कळतं. मोनोसाठी अर्धा-पाऊण तास भूल देणारं मलम, मग निर्जंतुक पुसणी, मग सुई तिरपी घालून पूर्ण लांबी आत, टोचल्या जागी बोटाने दाबून सुई बाहेर. धागा आत राहतो. जागा त्वचेच्या खालच्या थरात किंवा त्याच्या लगेच खाली. फार वर राहिला तर दिसतो, फार खोल चरबीत गेला तर त्वचेला फारसा फायदा नाही.

कॉगमध्ये खुणा रुग्णाला बसवूनच कराव्या लागतात, कारण आडवं केलं की गाल कानाकडे घसरतो आणि रेघा चुकतात. खुणा आधीच आडवं झोपवून सुरू झाल्या तर थांबवून विचारावं. मग आत शिरण्याच्या जागी आणि धाग्याच्या वाटेवर भुलीसाठी लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकसण्यासाठी ॲड्रिनलिन देतात आणि त्या आकसेपर्यंत काही मिनिटं थांबतात. ही थांबायची मिनिटं वाचवली की काळंनिळं जास्त होतं. भुलीचं पाणीही बेताचंच हवं. वाट फुगली की उचल किती आली ते नीट दिसत नाही. कानशिलाजवळ केसांच्या रेषेत जाड सुईने छिद्र करून कॅन्युला चरबीच्या थरातून, स्नायूंवरच्या पडद्याच्या वरून, घडीच्या थोडं अलीकडेपर्यंत नेतात. जाताना वरची कातडी आत खेचली जात असेल तर कॅन्युला फार वर आहे. भूल देऊनही अचानक तीव्र कळ आली तर ती फार खोल गेली आहे. दोन्ही वेळी ती मागे घेऊन वाट बदलायची. एका बाजूला सहसा तीन ते सहा धागे लागतात. ते आत सोडल्यावर रुग्णाला उठवून बसवतात, दोन्ही बाजू ताडून पाहतात, मग टोकं थोडी ओढून कातडी दाबत कापतात, म्हणजे टोक छिद्राच्या आत जातं. टोक बाहेर किंवा अगदी वर राहिलं तर ते जंतुसंसर्गाचं दार ठरतं.

कानशीलच धोक्याचंही ठिकाण आहे. कपाळाचा स्नायू हलवणारी चेहऱ्याच्या नसेची शाखा कानासमोरच्या उंचवट्याच्या सुमारे अर्धा सेंटिमीटर खालून निघून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर वरच्या बिंदूकडे जाते. या रेषेवर खोल जायचं नसतं. तिथेच कानशिलाची रोहिणी धडधडते, तिची नाडी बोटाने चाचपूनच छिद्राची जागा ठरवावी. गालात लाळेची नळी कानापासून वरच्या ओठाच्या मध्याकडे जाणाऱ्या रेषेच्या मधल्या भागात असते. तिला इजा झाली तर जेवताना कानासमोर सूज वाढते. मोनोच्या बारीक सुयांनी असं होण्याची शक्यता खूपच कमी, त्यांची मुख्य तक्रार म्हणजे निळे डाग. टोचण्या जास्त, म्हणून डागही जास्त.

कॉगनंतर सूज सर्वांत नेहमीची, आणि तिच्याखालोखाल त्रास देते ती खळी: काट्याने कातडी जवळून पकडली की तिथे खड्डा पडतो. बहुतेक खळ्या एक-दोन आठवड्यांत भरतात. न भरल्यास डॉक्टर बोटाने धागा सैल करतात. ते स्वतः चोळून करू नये, काटे सुटतील. मोनोच्या चेहऱ्याला खळी पडत नाही, कारण त्याला ओढच नाही.

कॉगनंतर दोन आठवडे उशी उंच करून पाठीवरच झोपायचं. दोन-तीन आठवडे मोठा घास, मोठी जांभई, गाल ताणून हसणं टाळायचं. दातांचं लांबणारं काम महिनाभर पुढे ढकलायचं, किंवा आधीच उरकायचं. चेहऱ्याचा मसाज चार आठवडे बंद. मोनोनंतर एवढं काही नाही. दोन-तीन दिवस मेकअप आणि घाम येईल असा व्यायाम टाळला, आठवडाभर मसाज टाळला की पुरे.

पदार्थाचा प्रश्न या निवडीनंतरचा. पीडीओखेरीज पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडचे (पीएलएलए) आणि पॉलीकॅप्रोलॅक्टोनचे (पीसीएल) धागेही मिळतात. ते हळू विरतात, वर्ष ते दोन वर्षंही घेतात. काट्यांऐवजी छोटे विरघळणारे शंकू ओवलेले पीएलएलएचे धागेही आहेत. कामाच्या दृष्टीने ते कॉगच्या घरातले. पण जास्त टिकणारा गुळगुळीत धागा म्हणजे जास्त टिकणारी उचल नव्हे, गुळगुळीत धाग्याला उचल नसतेच. शिवाय हळू विरणारा धागा चुकीच्या जागी बसला तर त्रासही तितकाच लांबतो. हायलुरोनिक ॲसिडचा फिलर (त्वचेखाली भराव म्हणून टोचलेलं जेल) बिघडला तर हायलुरोनिडेज या विकराच्या इंजेक्शनने विरघळवता येतो. धाग्यासाठी असं कोणतंही इंजेक्शन नाही, तो ओढून काढावा लागतो किंवा विरेपर्यंत वाट पाहावी लागते. 1990च्या दशकात शल्यविशारद मार्लेन सुलामानिद्झे यांनी वापरात आणलेले काटेरी धागे पॉलीप्रोपिलीनचे होते, ते विरतच नसत. ते तसेच आत राहत, म्हणून विरणाऱ्या धाग्यांना महत्त्व आलं. तरी सहा महिनेही बिघडलेला चेहरा वागवायला फार असतात. नवख्या चेहऱ्याला पहिला धागा पीडीओचाच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पॅकेज ठरवताना धाग्यांची संख्या फसवते. चाळीस मोनो हे चार कॉगपेक्षा जास्त काम नव्हे, वेगळं काम आहे. म्हणून आकड्याऐवजी विचारायचं ते हे: धागा काटेरी की गुळगुळीत, काटे छेदाचे की साच्यातले, पदार्थ कोणता, लांबी किती, सुरुवात कुठून आणि शेवट कुठे. सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं आणि त्यावरचं लेबल जपून ठेवावं. पुढे कधी गाठ लागली किंवा दुसरा उपचार करायचा झाला तर आत काय आहे ते त्यावरूनच सांगता येतं. गर्भारपणात, त्या जागी मुरमं किंवा नागीण उठलेली असताना, वण वाढण्याची प्रवृत्ती असल्यास, किंवा गालात आधीच कायमस्वरूपी फिलर असल्यास दोन्ही धागे टाळावेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असल्यास ते मनाने बंद न करता, ज्यांनी दिलं त्यांना विचारून ठरवावं.

त्वचेचा पोत आणि ओघळणं, दोन्ही तक्रारी असतील तर दोन्ही धागे वापरता येतात. तेव्हा कॉग आधी, आणि सूज उतरून चेहरा स्थिरावल्यावर, तीन-चार आठवड्यांनी मोनो. मोनो आधी घातले आणि वरून कॅन्युला गेली तर आधीची जाळी विस्कटते.

कपाळ किंवा तोंडाचा कोपरा भुलीमुळे काही तास ढिला राहू शकतो. दुसऱ्या दिवशीही तो हलत नसेल, एका बाजूचा लालसरपणा आणि ठणका तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढत असेल, छिद्रातून पू येत असेल, किंवा धाग्याचं टोक दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. ते टोक स्वतः चिमट्याने ओढू नये: उलटे काटे आत तुटून राहतात आणि मग संसर्ग झालेला तुकडा शोधून काढण्यासाठी कातडी उघडावी लागते.