शाळेची वर्षे आणि आयुष्याची वर्षे

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत 1960च्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहू लागली आणि 1970 साली सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण या भागांतील 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबईची आखणी सुरू झाली, तेव्हा भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांपुढे कमाईचा एक अनोळखी निकष आला. होडीवर जाणाऱ्याला शाळा सोडल्याचा दाखला कोणी विचारत नसे. कारखान्याच्या नोकरीला तो लागे. ऐरोली-महाप्याच्या आयटी संकुलांत आता दाखल्यावर भागत नाही, पदवी लागते.

शिक्षण आणि मिळकत यांच्या या नात्याला अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांनी 1974 साली समीकरणाचे रूप दिले. व्यक्तीची कमाई तिच्या शालेय वर्षांशी आणि कामाच्या अनुभवाशी जोडणारे हे समीकरण पुढे देशोदेशी वापरले गेले, आणि शाळेच्या प्रत्येक जादा वर्षामागे मिळकत सरासरी 9 टक्क्यांच्या आसपास अधिक आढळते, असा जॉर्ज साकारोपोलस यांच्यासारख्या अभ्यासकांनी जगभरच्या आकडेवारीवरून हिशेब मांडला.

आयुर्मानाकडे लक्ष वेगळ्या वाटेने गेले. एव्हलिन कितागावा आणि फिलिप हाउसर यांनी अमेरिकेतील 1960 सालचे मृत्युदाखले त्याच वर्षीच्या जनगणनेतील नोंदींशी जुळवून पाहिले. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी शिकलेल्यांचा मृत्युदर जास्त असल्याचे दिसले. जॉन कॉल्डवेल यांनी 1979 साली नायजेरियातील माहितीवरून याहून मार्मिक गोष्ट पुढे आणली. आईच्या शिक्षणाचा मुलाच्या जगण्यावर होणारा परिणाम केवळ घरच्या उत्पन्नातून येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिकलेली आई आजारपणाला दैव मानून बसत नाही, घरातील वडीलधाऱ्यांच्या संमतीची वाट न पाहता मुलाला दवाखान्यात नेते आणि तेथे डॉक्टरांशी बोलते. सासूच्या होकारावाचून उंबरठा न ओलांडणाऱ्या सुनांचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकाला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही.

मात्र शाळेमुळेच आयुष्य वाढते, की ज्यांची घरची स्थिती मुळात बरी तेच जास्त शिकतात आणि जास्त जगतात, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधण्यासाठी संशोधक सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांकडे वळले, कारण कायद्याने शाळेत राहावे लागलेले मूल श्रीमंत घरचेच असेल असे नाही. 1915 ते 1939 या काळातील अमेरिकी कायद्यांचा आधार घेऊन एड्रियाना येरास-मुनी यांनी 2005 साली मृत्युदरावर ठळक परिणाम दाखवला. ब्रिटनमध्ये शाळा सोडण्याचे किमान वय 1947 साली 14 वरून 15 आणि 1972 साली 15 वरून 16 झाले. तेथे मात्र डेमन क्लार्क आणि हेदर रॉयर यांना 2013 साली मृत्युदरात नाव घेण्याजोगा फरक आढळला नाही. द लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये 2024 साली आलेल्या, अनेक देशांतील अभ्यास एकत्र करणाऱ्या विश्लेषणाने शिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे प्रौढांच्या मृत्यूचा धोका सुमारे 2 टक्क्यांनी कमी असल्याचे सांगितले. प्रस्तुत लेखकाला ब्रिटनचा अनुभव गैरसोयीचा वाटत नाही, उलट मोलाचा वाटतो. आधीच बऱ्यापैकी शिकलेल्या समाजात आणखी एक वर्ष आणि निरक्षर वस्तीतील पहिली चार वर्षे यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे, हे त्यातून दिसते.

ती पहिली वर्षे आपल्याकडे फार रखडली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे पाऊल उचलले. ब्रिटिश मुलखासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली मांडलेले विधेयक मात्र पुढच्या वर्षी फेटाळले गेले. तत्कालीन ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी गावात सुरू केलेले बालशिक्षणाचे काम 1957 साली नेले. गुरे राखणारे वारली मूल शाळेत येत नाही, तर शाळा कुरणात न्यायची, म्हणून कुरणशाळा. आणि पाड्यावरच्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. तेथे अक्षरओळखीआधी आंघोळ, कापलेली नखे आणि खाऊ यांना स्थान होते. शिक्षण व आरोग्य यांचा संबंध समीकरणात येण्याआधी या बायकांनी तो दिनक्रमात बसवला होता, आणि शाळेची नुसती वर्षे मोजणाऱ्या तक्त्यांत नेमके हेच दिसत नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. 2010 साली अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने मात्र हक्काची सुरुवात सहाव्या वर्षापासून धरली. तीन ते सहा वर्षांचा टप्पा शालेय रचनेत जोडण्याची भूमिका 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आली.