वायपर मोटर, जुन्या मोटारगाड्यांतील

मोटारगाडीच्या पुढच्या काचेवरचे वायपर हलविणारी, बॅटरीच्या एकदिश प्रवाहावर चालणारी लहान मोटर. जुन्या गाड्यांत तिचे अनेक प्रकार आढळतात. प्रस्तुत नोंदीत ल्यूकस या ब्रिटिश कंपनीची १४डब्ल्यू ही दोन वेगांची मोटर आधाराला घेतली आहे. साधारणपणे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एमजीबी, ट्रायम्फ टीआर६, मिनी अशा गाड्यांत ती बसविली जाऊ लागली आणि तिच्या तपासणीचे आकडे दुरुस्ती-पुस्तिकांत नेमके मिळतात.

उगम : वायपरच्या शोधाचे श्रेय बहुधा अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन यांना देतात. त्यांचे एकस्व (पेटंट) १० नोव्हेंबर १९०३ रोजी मंजूर झाले. मात्र त्यांच्या साधनाला मोटर नव्हती. चालकाने आतला दांडा हाताने ओढला, की बाहेरची रबरी पट्टी काचेवरून फिरे. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जे. एच. ॲपजॉन यांनी उभ्या काचेवर दोन ब्रश वरखाली फिरविण्याची योजना मांडली. जर्मन लेखनात प्रशियाचे राजपुत्र हाइन्रिख यांच्या १९०८ मधील एकस्वाला मान मिळतो. पोलिश पियानोवादक योझेफ हॉफमन यांचेही नाव घेतले जाते. त्यांना मेट्रोनोमच्या (संगीताची लय दाखविणाऱ्या लंबकाच्या यंत्राच्या) हेलकाव्यावरून कल्पना सुचली, ही कथा सुरेख असली तरी एकस्वांच्या तारखांपुढे तिला फारसे वजन देता येत नाही.

यांत्रिक शक्तीचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील जॉर्ज केपवेल यांनी १८९६ मध्येच रेल्वे-इंजिने व इतर वाहनांसाठी शक्तीवर चालणाऱ्या पुसणीच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. शार्लट ब्रिजवुड यांची १९१७ च्या सुमाराची विजेवरची योजना काच पुसणाऱ्या फिरत्या रुळांची (रोलरांची) होती, पात्यांची नव्हे. १९२०च्या दशकात फोल्बर्थ बंधूंच्या रचनेप्रमाणे इंजिन हवा ओढताना होणाऱ्या निर्वातावर चालणारे वायपर अमेरिकेत रूढ झाले. त्यांचा दोष मूलभूत होता. चढावर ॲक्सिलरेटर दाबला, की निर्वात घटे आणि ऐन पावसात वायपर मंदावत. जर्मनीत बॉश कंपनीने १९२६ मध्ये विद्युत् वायपर बाजारात आणला. तेव्हा ‘पहिला कोण’ याचे उत्तर वायपर कशाला म्हणायचे यावर ठरते. मोटरीपुरते बोलायचे, तर तिचा वंश अँडरसन यांच्या हातदांड्यापेक्षा केपवेल आणि बॉश यांच्या बाजूने लावणे अधिक सयुक्तिक वाटते.

रचना : ल्यूकसच्या आधीच्या डीआर३ए मोटरीत क्षेत्र-गुंडाळी (प्रवाहाने चुंबकत्व निर्माण करणारी तारेची गुंडाळी) होती, १४डब्ल्यूमध्ये कायम चुंबक आहेत. हा भेद तपासणीत महत्त्वाचा ठरतो. डीआर३एच्या तारा उलट जोडल्या तरी ती त्याच दिशेने फिरते. १४डब्ल्यू उलटी फिरू लागते. आर्मेचरवरचा (मोटरीच्या फिरत्या गाभ्यावरचा) वर्म, म्हणजे स्क्रूसारखा दाता, मोठ्या दातेरी चाकाला फिरवितो. चाकावरचा खुंटा लवचीक दातेरी तार नळीतून मागेपुढे ओढतो आणि ती तार काचेखालच्या चाकपेट्यांना (वायपरच्या दांड्या ज्यांवर बसतात त्यांना) अर्धवट वळसे देते. जलद वेगासाठी तिसरा कार्बन (आर्मेचरला प्रवाह पोचविणारा ब्रश) असतो. बटण बंद केल्यावर पाती काठाशी येईपर्यंत प्रवाह चालू ठेवणारा आणि तेथे पोचताच आर्मेचरची टोके एकमेकांस जोडून (शॉर्ट करून) त्याला ब्रेक लावणारा थांब-स्विच हा या मोटरीचा सर्वांत कल्पक भाग होय.

तपासणी : वायपर बंद पडला म्हणजे मोटर जळली, असा समज सर्रास आढळतो आणि त्यापायी चांगल्या मोटरी भंगारात जातात. एमजीबीत वायपरबरोबर ब्रेकचे दिवे व इंडिकेटरही गेले असतील, तर दोष फ्यूजचा किंवा त्याच्या गंजलेल्या पकडीचा समजावा. फ्यूज ठीक असल्यास मोटरीच्या जोडणीतील हिरव्या तारेवर बॅटरीइतका विद्युत् दाब (व्होल्टेज) मिळतो का, हे पाहावे. त्यानंतर जोडणी काढून बॅटरीचे ऋण टोक १ क्रमांकाला आणि धन टोक ५ क्रमांकाला लावले असता मोटर सावकाश, तर ३ क्रमांकाला लावले असता जलद फिरली पाहिजे.

दातेरी तार सोडवून, भाराविना एक मिनिट फिरविल्यानंतर साधारण १·५ अँपिअर प्रवाह आणि दातेरी चाकाचे मिनिटाला ४६ ते ५२ फेरे हे निरोगी मोटरीचे लक्षण होय. जलद वेगात हेच आकडे सुमारे २ अँपिअर आणि ६० ते ७० फेरे असतात. आकडे बरोबर येऊनही काचेवर वायपर रखडत असतील, तर दोष मोटरीत नसून पुढे आहे. वायपरच्या दांड्या काढून दातेरी तार ताणकाट्याने (स्प्रिंगच्या वजनकाट्याने) ओढून पाहावी; सुमारे २·७ किग्रॅ.पेक्षा अधिक जोर लागल्यास नळीतले ग्रीस वाळले आहे किंवा चाकपेटी अडकली आहे. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत हे ग्रीस मेणासारखे घट्ट, तपकिरी झालेले दिसते. ते धुऊन नवे भरले, की मरगळलेली वाटणारी मोटर पुष्कळदा पूर्ववत चालते.

प्रवाह जास्त आणि वेग कमी असेल, तर मोटर उघडावी. उघडण्यापूर्वी आवरण आणि गिअरपेटी यांवर समोरासमोर खूण करावी. आवरण अर्धा फेरा चुकवून बसविले, तर चुंबक उलटे येऊन मोटर उलटी फिरते. काम स्वच्छ कागदावर करावे, कारण टेबलावरचा लोखंडी कीस चुंबक ओढून घेतात. कार्बन ४·८ मिमी.पेक्षा आखूड झाले असल्यास बदलावेत व कम्यूटेटरच्या (आर्मेचरवरील, कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या भागाच्या) खाचांतली काजळी काढावी.

बदली : बॅटरी सोडवून, दांड्या काढून, नळीची नट ढिली करून मोटर दातेरी तारेसकट ओढून काढतात. या कामात विशेष सांगण्यासारखे थोडे. मात्र नवी मोटर बाहेरून सारखी दिसली तरी दातेरी चाक पाहून घ्यावे. चाकावर पुसण्याचा कोन अंशांत कोरलेला असतो. अधिक कोनाचे चाक बसले, तर पाती काचेच्या चौकटीवर आपटतात. उजव्या व डाव्या चालनाच्या गाड्यांत थांबण्याची बाजूही वेगळी असते. अशा वेळी जुने चाक नव्या मोटरीत घालणे हाच उत्तम मार्ग. दांड्या अगदी शेवटी बसवाव्यात : आधी मोटर चालवून, बटणाने बंद करून, ती आपोआप थांबू द्यावी आणि मगच पाती काठाशी ठेवून दांड्या दाबाव्यात. काच ओली केल्याशिवाय चाचणी घेऊ नये.

भारतात : चेन्नईजवळच्या पाडी येथे ल्यूकस आणि टीव्हीएस यांनी मिळून काढलेल्या ल्यूकस-टीव्हीएस कंपनीचे उत्पादन १९६०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. मुंबईत कुर्ल्याला पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही मोटारगाडी मात्र फियाट ११०० च्या इटालियन वंशातली असल्याने वर दिलेले १४डब्ल्यूचे आकडे आणि जोडणीचे क्रमांक तिला लागू करू नयेत.